मिसेस कशाला गेल्या होत्या?

मध्यंतरी आमच्या एमआयडीसीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका टूरवाल्याची जाहिरात फिरत होती. मे २०२६ ला जर्मनीत डुसेलडॉर्फला इंटरपॅक, पॅकेजिंग मशिनरीचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन. त्याला जोडून स्वित्झर्लंड-पॅरिस. खाली ठळक अक्षरात: ‘कुटुंबासह या, सगळा खर्च बिझनेसमध्ये टाका, टॅक्स वाचवा.’ त्यावर दहा-बारा अंगठे आणि एकाचं ‘आपण पण जाऊया’. मी काही लिहिलं नाही तिथं. पण हेच मी २०२३ ला करून बसलोय, आणि त्यातून जे निघालं ते टॅक्सपुरतं राहिलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितो. २०२५ ला रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, त्यामुळं बऱ्याच जणांच्या डोक्यात तेव्हा हाच विषय होता.

मी सांगलीत पाकीट भरायची मशिनं करतो. हळद पावडर, बेदाणा, चटणी, मसाला. प्रोप्रायटरी फर्म, पाच कामगार, शेड भाड्याचं. बायको ऑफिस बघते. ‘ऑफिस बघते’ असं आपण सहज म्हणतो, त्यावर पुढं येतोच.

मे २०२३ ला आम्ही दोघं गेलो. ४ ते १० मे प्रदर्शन होतं. प्रदर्शनाच्या दिवसांत डुसेलडॉर्फमधल्या हॉटेलांचे दर बघून मी लॅपटॉपच बंद केला होता, शेवटी शेजारच्या डुइसबुर्गला खोली घेतली. तिथून यू-७९ नावाची ट्राम थेट डुसेलडॉर्फला जाते. रोज सकाळी डब्यात पराठे आणि लोणचं घेऊन आम्ही त्या ट्रामनं जायचो. चार दिवस प्रदर्शन, एक दिवस कोलोनजवळ सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, बाकी थोडं इकडंतिकडं. मग एका टूर कंपनीचं पॅरिस-स्वित्झर्लंड पॅकेज, पाच रात्री. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि आम्ही महाबळेश्वरच्या पलीकडं फारसं कुठं गेलो नव्हतो.

सगळा खर्च ५ लाख ५ हजार. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा मी सगळी बिलं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून सीए मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “हे सगळं प्रवास खर्चात घ्या.”

मॅडमनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, “मिसेस कशाला गेल्या होत्या?”

मला राग आला. खरं सांगतो, आला. नोकरीवाल्याला कंपनी पाठवते तेव्हा त्याला कोण विचारतं, असं काहीतरी बोललो पण. मॅडम शांतपणे म्हणाल्या, नोकरीवाल्याचं तिकीट कंपनी काढते, बायकोचं काढत नाही. आणि काढलंच तर ते त्याच्या पगारात धरलं जातं. तुमचं तुम्हीच मालक, तुम्हीच पाठवणारे आणि तुम्हीच जाणारे. म्हणून प्रश्न विचारावा लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते माझ्या भाषेत. ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेला आयकर कायदा १९६१, कलम ३७. धंद्यासाठी ‘पूर्णपणे आणि केवळ’ केलेला खर्च नफ्यातून वजा होतो. खासगी खर्च होत नाही. परदेश प्रवासाला वेगळा नियम नाही, भारतातल्या प्रवासाला जो आहे तोच. ही वजावट नव्या कररचनेत पण मिळते. नव्या रचनेत ८०सी वगैरे जातं, धंद्याचा खरा खर्च जात नाही. बऱ्याच जणांचा इथं घोळ होतो.

दुसरा घोळ ४४एडी चा. उलाढालीच्या ८ टक्के किंवा ६ टक्के नफा दाखवून मोकळे होणारे जे आहेत, त्यांनी प्रवासाची बिलं जपून ठेवून टॅक्सला काही उपयोग नाही. त्या ठरावीक टक्क्यांत सगळा खर्च धरलेलाच असतो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट ४४एडीए घेऊन निम्मं उत्पन्न दाखवतात, त्यांचंही तेच. कॉन्फरन्सला सिंगापूरला गेलात तरी उरलेल्या निम्म्यात ते आलं. मी ४४एडी कधी घेतलं नाही, बँकेच्या कर्जासाठी पहिल्यापासून पुस्तकं ठेवतो. म्हणून माझ्यापुढं हा प्रश्न आला.

‘पूर्णपणे आणि केवळ’ हे शब्द आपल्याकडं इंग्रजांच्या कायद्यातून आलेत. तिकडं त्याचा अर्थ फार कडक लावतात. ॲन मॅलेल्यू नावाच्या बॅरिस्टर बाईंनी कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला होता, म्हणाल्या हे कपडे मी एरवी घालतच नाही. १९८३ ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, की बाई, अंग झाकायला आणि थंडी वाजू नये म्हणूनही माणूस कपडे घालतो, खर्च नामंजूर. आपलं सुप्रीम कोर्ट जरा मोकळं आहे. ससून जे. डेव्हिड कंपनीच्या खटल्यात १९७९ ला त्यांनी म्हटलं, की खर्च ‘आवश्यक’ होता का हे बघायचं नाही, धंद्यासाठी होता का एवढं बघायचं. म्हणजे “जर्मनीला जायची गरज काय होती, यूट्यूबवर बघायचं की” असं साहेब म्हणू शकत नाही. पण “हा भाग धंद्याचा कसा” हे मात्र विचारू शकतो.

मॅडमनी मग फाइलमधली बिलं तीन गठ्ठ्यांत लावली.

पहिला गठ्ठा माझा. विमान ६४ हजार, कारण प्रवास मुळात प्रदर्शनासाठी ठरला, पुढचं फिरणं नंतर चिकटलं. डुइसबुर्गची खोली डबल होती, सात रात्रींचे ६९ हजार झाले होते. सिंगल घेतली असती तर ६०, म्हणून ६०. प्रदर्शनाची एन्ट्री, ट्रेन, जेवण ३० हजार. आपल्यासारख्यांना दिवसाला अमुक इतका भत्ता असा काही ठरलेला नियम नाही, जे प्रत्यक्ष खर्च झालं आणि ज्याचा कागद आहे ते. व्हिसा-विमा ११ हजार. एकूण १ लाख ६५ हजार. त्यासोबत प्रदर्शनाचं निमंत्रणपत्र, एन्ट्री पास, भेटलेल्या कंपन्यांची कार्डं, परत आल्यावर गेलेले ईमेल, फॉरेक्स कार्डाचं स्टेटमेंट. मॅडम म्हणाल्या, बिल कमी महत्त्वाचं, ईमेल जास्त. बिलानं पैसे गेलेत हे कळतं, कशासाठी गेलेत ते ईमेलनं कळतं.

दुसरा गठ्ठा पॅकेजचा, २ लाख ४० हजार. तो त्यांनी सरळ माझ्याकडं सरकवला. “हे घरी न्या.” मी म्हटलं कोणाला कळणार आहे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. माझ्या एआयएस मध्ये ती नोंद आधीच येऊन बसली होती. टूर कंपनीनं ५ टक्के टीसीएस घेतला होता, १२ हजार, माझ्या पॅनवर. ते १२ हजार वाया जात नाहीत, करात वळते होतात. पण परदेशी सहलीचं पॅकेज घेतलंय हे खात्याला तुमच्याआधी माहीत असतं. (आणि हो, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांच्या वर खर्च केला, तर उत्पन्न मर्यादेत बसत नसलं तरी रिटर्न भरावंच लागतं. पोराच्या पैशानं नव्हे, स्वतःच्या पैशानं अमेरिकेला जाऊन आलेल्या आजी-आजोबांनी हे लक्षात ठेवावं.)

आता काही जण म्हणतील, आमच्या ओळखीचा डीलर कंपनीच्या पैशानं बँकॉकला जातो, त्याचं काय. त्याचंही बंद केलंय. जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलं. कंपनीनं डीलरला वर्षात २० हजारांच्या वर काही फुकट दिलं, तर त्यावर १० टक्के टीडीएस. त्यावरचं सीबीडीटीचं परिपत्रक वाचण्यासारखं आहे. खरी डीलर मीटिंग असेल, नव्या मालाची माहिती वगैरे, तर ती सवलत धरायची नाही. पण सोबत आलेल्या घरच्यांचा खर्च, मौजमजेचा भाग, आणि मीटिंगच्या तारखांच्या आधी-नंतरचा जादा मुक्काम धरायचा. मीटिंगच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचा एक दिवस मात्र सोडलाय. इतकं बारीक. हा नियम माझ्यासारख्याच्या प्रवासाला थेट लागू नाही, पण खातं कसं विचार करतं ते त्यातनं कळतं. मॅडम त्याच पट्टीनं माझे दिवस मोजत होत्या.

तिसरा गठ्ठा बायकोचा. विमान ६४ हजार, खोलीतला फरक ९ हजार, जेवण, एन्ट्री, व्हिसा मिळून २७. बरोबर १ लाख. माझ्या स्लॅबनं २० टक्के आणि वर सेस, म्हणजे २० हजार ८०० रुपयांचा प्रश्न.

मी म्हटलं, मॅडम, ती धंद्याचंच काम करते. त्यांनी विचारलं, पुस्तकात पगार आहे का? नाही. पार्टनर आहेत? नाही. प्रदर्शनाचं निमंत्रण त्यांच्या नावानं? नाही, माझ्या एकट्याच्या. व्हिसा कुठला? माझा बिझनेसचा, तिचा टुरिस्ट. व्हिसाच्या फॉर्मवर व्यवसाय काय लिहिलाय?

फॉर्म मीच भरला होता. ‘गृहिणी’.

मॅडम म्हणाल्या, “मग मी काय दाखवू सांगा.”

संध्याकाळी घरी येऊन मी हे जरा हसत-हसत सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, “अहो, मग मी तिथं काय हिंडायला गेले होते का? ती बेदाण्याची बकेट कुणी बघितली?”

हे सांगायला पाहिजे. बेदाणा चिकट असतो. वजन करणाऱ्या मशिनच्या बकेटला तो चिकटून राहतो, मग पाकिटात दहा-पंधरा ग्रॅम कमी-जास्त पडतं आणि तासगावहून फोन येतात. ते फोन मी घेत नाही, ती घेते. गिऱ्हाईक तिच्याशी भांडतं. प्रदर्शनात मी मोठमोठ्या रोबोटपुढं तोंड उघडं टाकून उभा होतो. तिनं एका लहान स्टॉलवर मला हाताला धरून नेलं. तिथं बकेटचा पत्रा गुळगुळीत नव्हता, बारीक खड्ड्या-खड्ड्यांचा होता. त्यावर ओला खजूर टाकला तरी घसरत होता. तिनं त्या माणसाला मोडक्या इंग्रजीत विचारलं, धुवायला किती वेळ लागतो, पत्रा किती जाडीचा. मला हे दोन्ही प्रश्न सुचले नव्हते. परत आल्यावर तसला एम्बॉस केलेला स्टीलचा पत्रा आम्ही मुंबईतून मिळवला आणि त्या सहा महिन्यांत तीन गिऱ्हाइकांच्या जुन्या मशिनांच्या बकेट बदलून दिल्या. कोलोनच्या कारखान्यात ॲडव्हान्स किती आणि माल पोचल्यावर किती हे पण तिनंच ठरवलं, कारण खात्यात पैसे किती आहेत हे तिलाच माहीत होतं.

म्हणजे त्या प्रवासातला सगळ्यात उपयोगी माणूस जो होता, त्याचाच खर्च धंद्याचा नव्हता. आणि जो रोबोटचे फोटो काढत फिरला त्याचा पूर्ण मंजूर.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून बकेटची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, मला पटतंय, पण साहेबापुढं बकेट घेऊन जाणार का? वीस वर्षं तुम्ही स्वतःच सगळ्या कागदांवर त्यांना गृहिणी लिहिलंय. एका वर्षासाठी, २० हजार ८०० रुपयांसाठी, त्या अचानक धंद्यातल्या झाल्या असं कसं म्हणायचं?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो १ लाख आम्ही सोडला. माझ्या खात्यातनं घरखर्चात गेला.

मग मी म्हटलं, ठीक आहे, आतापासून पगार लावू. इथं खरी गंमत सुरू होते. बायकोला धंद्यातून पगार दिला तर कलम ६४ प्रमाणं तो पगार परत नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचा. सूट फक्त एकच: तिच्याकडं तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार केवळ त्या ज्ञानाबद्दल असेल तर. तरतूद १९७६ पासूनची आहे. कारण उघड आहे, लोक बायकोच्या नावावर खोटा पगार दाखवून उत्पन्न फोडायचे, अजून दाखवतात. तुमच्या-माझ्यासारख्यांनीच ही वेळ आणली. पण त्यात जी खरंच काम करते ती पण भरडली जाते. माझी बायको बी.कॉम. आहे, वीस वर्षं बिलं, जीएसटी, उधारी वसुली, सगळं तिच्याकडं. ही ‘व्यावसायिक पात्रता’ आहे का? मॅडम म्हणतात, काही निकालांत कोर्टानं डिग्रीचाच कागद पाहिजे असं नाही, अनुभवाचं ज्ञानही चालतं असं धरलंय. पण प्रत्येक वेळी ते सिद्ध करायची जबाबदारी आपली. परत पगार वाजवीपेक्षा जास्त वाटला तर ४०ए(२) आहेच, नात्यातल्या माणसाला जादा दिलं म्हणून तेवढं कापायला.

विचार करा. हेच काम करायला मी बाहेरची मुलगी ठेवली, तर तिचा पगार विनाप्रश्न खर्च. तिला जर्मनीला नेलं तर तिचं तिकीट पण खर्च. (नेऊन बघा, मग घरी काय होतं ते वेगळं.)

एप्रिल २०२५ पासून आम्ही पगार सुरू केलाय. महिना २५ हजार, बँकेतून तिच्या खात्यात. हा आकडा अशासाठी, की महाराष्ट्रात बायकांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं, कामाच्या यादीत तिनं तीन ओळी वाढवल्या. कामगार तिला वहिनी म्हणतात, तेच चालू आहे. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, की क्लबिंग लागलं तर टॅक्समध्ये एक रुपयाचा फायदा नाही, इकडून वजा आणि तिकडून जमा. पार्टनरशिप करा म्हणाल्या होत्या, पण त्यात नवा पॅन, नवा जीएसटी नंबर, बँकेचं कर्ज परत पहिल्यापासून. ते सध्या झेपणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, १ एप्रिल २०२६ पासून तो लागू. भाषा सोपी केलीय, कलमांचे नंबर बदललेत. मी मोठ्या आशेनं विचारलं. ‘पूर्णपणे आणि केवळ’ आहे तसंच आहे, आणि बायकोच्या पगाराचा नियम पण आहे.

पहिला पगार आला त्या दिवशी तिनं काय केलं सांगतो. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी १० हजार पाठवले, मला न विचारता. वीस वर्षांत माहेरी पैसे पाठवायचे झाले की ती आधी मला विचारायची. मी कधी नाही म्हटलं नाही, हे खरं. पण विचारायची.

७ ते १३ मे २०२६ ही परत इंटरपॅकची तारीख. यावेळी प्रदर्शनाचं निमंत्रण दोघांच्या नावानं मागवणार, दोघांचाही व्हिसा बिझनेसचा. हळद पावडर भरताना धूळ उडते त्यावर काहीतरी शोधायचंय, ती यादी तिनं आत्तापासून वहीत केलीय. पॅरिस नाही. तिला पॅरिस आवडलं नव्हतं, मलाच आवडलं होतं.

टूरवाल्याच्या त्या मेसेजवर अंगठे दिलेल्या मंडळींनी आधी स्वतःच्या सीएला विचारावं, एवढंच. आणि इथं कुणी असे असतील, ज्यांनी बायकोला खरा पगार लावलाय आणि क्लबिंगच्या बाबतीत खात्यापुढं बाजू मांडून निकाल मिळवलाय, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा. कुठले कागद दिले, काय विचारलं गेलं. आमच्या मॅडमना दाखवायचंय.